एका शिवणीचा झगा

भाड्याच्या पोशाखाला पैसे नाहीत म्हणून गॅदरिंगमधून नाव मागे घेणारी मुले आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. धानोऱ्याच्या भगिनींनो, रोवणीच्या पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ करतात ना? टोपीचा झगाही तसाच होतो.

जुनी सुती चादर घ्या. लांबी मुलाच्या डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, रुंदी १ मीटर. रुंदी मधोमध दुमडून फक्त वरची कड शिवा आणि उलटवा; टोपी तयार. मागचे टोक आत वळवून दोन टाके घाला. हनुवटीखाली नाडी नको, कुठे अडकली तर गळ्याला फास बसतो. टिचबटण लावा, ओढले की सुटते. पैशांपायी कोणाचेही लेकरू मंचाखाली राहू नये.