दोराचा खर्च कोणी सोसायचा?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून नव्या मोटारसायकली घेऊन बाहेर पडणारी बंदिस्त मालमोटार आतून पाहिली, तर तिच्यातील शिस्त कोणाच्याही नजरेत भरावी. प्रत्येक वाहनाचे चाक खाचेत बसविलेले, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळलेले, एकाचा आरसा दुसऱ्याच्या टाकीला घासणार नाही एवढे अंतर राखलेले. याच मालमोटारीच्या मागोमाग पुण्याच्या दिशेने, जालन्याकडून लोखंडी सळया भरून आलेली एखादी उघडी मालमोटार धावत असते. बारा मीटरच्या सळया मध्यभागी दुमडून हौद्यात टाकलेल्या असतात. त्यांवरून एक-दोन दोर आडवे नेलेले असतात. आणि फाळक्याबाहेर डोकावणाऱ्या टोकांना लाल चिंधी बांधली की बंदोबस्त पुरा झाला, असे मानले जाते. रस्ता एकच, कायदा एकच आणि दोन्ही वाहनांचे चालकही बहुधा एकाच परिस्थितीतून आलेले. मग एका ठिकाणी इतकी काटेकोर बांधणी आणि दुसऱ्या ठिकाणी इतकी बेपर्वाई का?

याचे उत्तर अडाणीपणात शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुतः ते हिशेबाच्या वहीत सापडते. नव्या मोटारसायकलीवर ओरखडा उठला, तर विक्रेता ती स्वीकारत नाही आणि नुकसान कारखानदाराच्या किंवा वाहतूकदाराच्या नावे पडते. सळईचे तसे नसते. ती रस्त्यावर पडली तरी सळईला काही होत नाही. जे व्हायचे ते मागून येणाऱ्याला होते. आणि मागून येणारा हा या व्यवहारात कोणीच नसतो. त्याने माल विकलेला नसतो, घेतलेला नसतो, भाडेही ठरविलेले नसते. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात मांडली, तेव्हा रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी पेटणाऱ्या रानाचे उदाहरण त्याने दिले होते. आपल्या महामार्गांवर त्या ठिणगीची जागा सैल दोराने घेतली आहे.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती. या सर्वांचा जीव निसटलेल्या मालाने घेतला, असा याचा अर्थ नव्हे. परंतु मालमोटारीच्या मागे, कोणत्याही पोलादी आडोशाशिवाय, आपला कोट्यवधींचा मध्यमवर्ग आणि कामकरी वर्ग रोज ये-जा करीत असतो, हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

माल बांधण्याचे शास्त्र अवघड नाही, मात्र त्याविषयीच्या समजुती बऱ्याचशा चुकीच्या आहेत. वजनदार वस्तू आपल्या वजनानेच जागची हलत नाही, ही पहिली समजूत. जोराचा ब्रेक लागला की गाडी थांबते. माल मात्र पुढे जाऊ पाहतो, आणि त्याला आवरण्यास मालाच्या वजनाच्या आठ दशांश इतके बळ लागते, असे युरोपीय मानक सांगते. बाजूला आणि मागे सरकण्यासाठी हेच प्रमाण निम्मे धरतात. आता एक टन वजनाचा भारा लोखंडी-लाकडी तळावर ठेवला आणि घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर नुसते वजन ३०० किलोइतका विरोध करील. गरज ८०० ची. तूट ५०० ची. ही तूट पट्ट्याने भरून काढायची असते.

येथे दुसरी समजूत आड येते. खटक्याने आवळायच्या पन्नास मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर त्याची क्षमता अडीच टन, दुहेरी घेतल्यास पाच टन, अशी लिहिलेली असते. ते वाचून पाच टनांच्या मालाला एक पट्टा पुरे, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु तो आकडा पट्टा किती ओढ सुरक्षितपणे सोसेल याचा आहे. मालाला तो तळाशी किती दाबून धरील याचा नव्हे. हाताने खटका ओढून पट्ट्यात जो ताण येतो, तो साधारण ३०० किलोंच्या आसपास असतो. मालावरून पट्टा आडवा टाकला, तर दोन्ही बाजू मिळून फार तर ६०० किलोंचा दाब पडेल आणि त्यातून घर्षण वाढेल ते अवघे १८० किलोंनी. म्हणजे एका टनाला तीन पट्टे हवेत. तेही पट्टा उभा खाली उतरत असेल तर. माल बसका असेल आणि पट्टा तळाशी तीस अंशांचा कोन करून उतरत असेल, तर दाब निम्मा होतो आणि तीनाचे सहा पट्टे लागतात. उलट भाऱ्याखाली खरखरीत रबराची चटई घातली आणि घर्षणाचा गुणांक ०.६ वर गेला, तर एकच पट्टा पुरतो. माल पुढच्या भक्कम भिंतीला टेकवून ठेवला, तर बरेचसे काम ती भिंतच करते. दोन पट्ट्यांचे काम रबराचा एक तुकडा करू शकतो, हे ज्याला ठाऊक आहे तो पैसे वाचवूनही माल नीट बांधील.

बदली झालेल्या शिक्षकाची किंवा कारकुनाची मोटारसायकल भाड्याच्या टेंपोत चढते, तेव्हा याच नियमांची छोटी परीक्षा होते. बहुतेक वेळा ती बाजूच्या स्टँडवर उभी करतात आणि सीटवरून एक नायलॉनचा दोर फिरवतात. नायलॉन ताणला जातो, भिजला की अधिकच. आणि स्टँडवर उभी असलेली गाडी प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगवर खालीवर होते. ती खाली दबली की दोर सैल पडतो, आकडा सुटतो आणि गाडी आडवी होते. खरी रीत अशी की, स्टँड वर करून पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवावे. हँडलच्या खालच्या भक्कम भागातून दोन पट्टे पुढे आणि बाहेरच्या अंगाला तिरपे खाली न्यावेत. पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर अर्धे दबतील इतपत ते दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत, म्हणजे खड्ड्यातही पट्टा ताठ राहतो. मागचे चाक सरकू नये म्हणून आणखी दोन पट्टे. पूर्ण दाबून बांधणेही वाईटच, कारण त्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे सील जाते. रेल्वेच्या पार्सल कचेरीत गोणपाट गुंडाळण्याचा आणि पेट्रोल काढून टाकण्याचा आग्रह धरतात, त्याबद्दल प्रवासी कुरकुर करतात. रस्त्यावर तेवढी कुरकुर करण्याचीही वेळ येत नाही, कारण तेथे विचारणारेच कोणी नसते.

आपल्या हमालांना हे कळत नाही, असे समजणे अन्यायाचे ठरेल. दोराला फासा घालून तो स्वतःतूनच ओढून घेणे, दोन पदरांत दांडके घालून पीळ देणे, ताडपत्रीची दुमड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवणे ही कारागिरी बाजारपेठांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून या श्रमाला मजुरीचे आणि कल्याणाचे संरक्षण दिले, हे आपल्या राज्याचे मोठे कार्य आहे. पण मजुरी ठरते ती चढवण्या-उतरवण्याची. बांधणीला निराळा दर बहुधा नसतो. दोर चालकाने आणायचा, त्याने आणि क्लीनरने तो बांधायचा, आणि त्यात गेलेला अर्धा तास खेपेच्या मजुरीतून वजा व्हायचा. सळयांचा भार पुढे सरकला, तर पहिला आघात चालकाच्या पाठीशी असलेल्या केबिनवर होतो. तरीही तो दोर वाढवीत नाही. जीव प्यारा नसतो म्हणून नव्हे. रोजच्या खेपेत दिसणारा खर्च आणि क्वचित येणारे मरण यांच्या तुलनेत गरीब माणूस नेहमीच पहिल्याकडे पाहतो.

उसाचे उदाहरण याहून बोलके आहे. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, कठड्याच्या कितीतरी वर रचलेला ऊस आणि त्यावरून टाकलेला एखादा दोर, हे दृश्य पश्चिम महाराष्ट्राला नवे नाही. गावची पोरे मागून ऊस ओढतात याचे कौतुकच होते. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. म्हणून प्रत्येक खेपेत जास्तीत जास्त टन कोंबणे हाच शहाणपणा ठरतो. वाटेत चार मोळ्या पडल्या तर कोणाचे फारसे बिघडत नाही. अंधारात त्या मोळ्यांवर दुचाकी घसरली तर बिघडते ते तिसऱ्याचेच. मात्र येथे एक सोय आहे, जी सळयांच्या बाबतीत इतकी सरळ नाही. तोडणी आणि वाहतूक यांचा करार कारखाना करतो, खर्च शेतकऱ्याच्या बिलातून तोच कापून घेतो आणि प्रत्येक ट्रॉली त्याच्याच काट्यावर येते. वजन मोजणाऱ्या काट्याजवळ उंची आणि बांधणी पाहणारा एक माणूस बसवणे कारखान्याला अशक्य नाही.

कायद्याने काहीच केले नाही, असे नाही. हौद्याबाहेर मागे एक मीटरपर्यंत माल काढण्याची केंद्रीय नियमांतील मुभा २०१४ मध्ये काढून घेण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात अतिरिक्त वजनासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आला. माल बाजूला, पुढेमागे वा उंचीला मर्यादेबाहेर गेल्यास तितकेच २० हजार. शब्दरचना तर वाहन चालवणाऱ्याबरोबरच ते तसे चालवायला लावणाऱ्यालाही कवेत घेते. परंतु या कलमात माप आहे ते वजनाचे आणि लांबी-रुंदीचे. मर्यादेत बसणारा, पण आत मोकळाच ठेवलेला माल त्यातून सुटतो. प्रत्यक्षात नाक्यावर हाती लागतो तो चालकच. ज्याच्या धक्क्यावर माल भरला गेला, तो शंभर कोस दूर असतो.

विम्याची रचनाही याला हातभारच लावते. मालवाहू वाहनाच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता गाडीच्या एकूण वजनाच्या गटावर ठरतो. तिचा मालक माल कसा बांधतो, यावर नव्हे. काटेकोर मालकाला सवलत नाही आणि निष्काळजी मालकाला भुर्दंड नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी उभे राहतात. माल भरून देणारा सहसा त्यात नसतोच. बिल्टीवर मात्र ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते, आणि तेथे मालक म्हणजे मालाचा मालक. रस्त्यावरच्या माणसाची जोखीम कोणी छापत नाही.

अपघात टाळणे ज्याला सर्वांत स्वस्तात शक्य आहे, त्याच्यावर त्याची किंमत टाकावी, असा विचार गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात मांडला. मालाच्या बाबतीत असा माणूस म्हणजे माल भरणारा. त्याला मालाचे वजन, आकार, गुरुत्वमध्य ठाऊक असतो; त्याच्याकडे क्रेन असते, उजेड असतो, माणसे असतात. जर्मनीच्या व्यापारी कायद्याने प्रवासास सुरक्षित अशा रीतीने माल भरण्याचे कर्तव्य माल पाठवणाऱ्यावर टाकले आहे, ते याच कारणाने. अमेरिकेत बांधणीच्या साधनांची एकत्रित सुरक्षित क्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये, असा साधा नियम आहे. रस्त्याच्या कडेला उभा असलेला हवालदारही हा गुणाकार करू शकतो.

आपल्याकडे हे महाग पडेल, लहान मालमोटारवाला मोडेल, असा आक्षेप येईल. एका मालमोटारीचा मालक हा कनिष्ठ मध्यमवर्गीय कर्जदार असतो, त्यामुळे आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. म्हणूनच खर्च त्याच्या गळ्यात न घालता भाड्यात स्वतंत्र रकमेने दाखवावा. एका पट्ट्याची किंमत ६०० रुपये धरली, आठ पट्टे घेतले, ते शंभर खेपा टिकले आणि प्रत्येक खेपेत वीस टन माल गेला, तर टनामागे खर्च येतो २ रुपये ४० पैसे. सळयांच्या भावात रोज होणाऱ्या चढउतारात ही रक्कम दिसणारही नाही. पट्टा अडकवायला हौद्यात भक्कम कड्या हव्यात, त्या बसवण्याचा खर्च निराळा. पण तो एकदाच. बिल्टीवर पट्ट्यांची संख्या आणि बांधणी तपासणाऱ्याची सही यांसाठी एक रकाना वाढला आणि त्या सहीशिवाय कारखान्याचे फाटक उघडले नाही, तर मोटारसायकलीला आज मिळणारी काळजी सळईच्याही वाट्याला येईल.

मग उरतो चालकाचा वेळ. माल थोडे अंतर गेल्यावर बसतो आणि पट्टे सैल होतात, म्हणून अमेरिकी नियमांनुसार चालकाने पहिल्या पन्नास मैलांच्या, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरच्या आत थांबून बांधणी पुन्हा पाहायची असते. जालन्याहून पुण्याकडे निघालेली मालमोटार छत्रपती संभाजीनगर ओलांडून वाळूजच्या आसपास आली की हे अंतर भरत येते. तेथे दहा मिनिटे थांबून पट्टे आवळण्याची मजुरी आजच्या बिल्टीत सहसा लिहिलेली नसते.