भरतीचा पेपर सुटा कसा?

महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन १ मे रोजी एकत्रच येतात. पुढच्या वर्षाचे अभ्यासक्रम ठरवण्याचे दिवसही हेच. उद्या ज्यांच्या सहीने भरती, बढती आणि बडतर्फी होणार, त्यांना आपण काय शिकवतो हे आजच तपासायला हवं.

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात भरती, प्रशिक्षण, वेतन, औद्योगिक संबंध, कामगार कायदे असे सुटे पेपर असतात. कारखान्यात मात्र सगळं एकमेकांत गुंतलेलं. लाइनवरचे दोन जुने फिटर सोडून जातात. उरलेल्यांवर ओव्हरटाइम पडतो, थकव्याने माल रिजेक्ट होतो, खाडे वाढतात, आणखी एक राजीनामा येतो. मग घाईघाईने कंत्राटी मुलं भरली जातात आणि त्यांना शिकवण्याचं कामही त्याच दमलेल्या हातांवर येतं. हा प्रश्न कोणत्या पेपरचा?

एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांच्यापुढे १९५०च्या दशकात असंच कोडं आलं. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यांत कधी तीन-तीन पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसत. बाजारातली तेजी-मंदी हे कारण व्यवस्थापनाला पुरेसं वाटत नव्हतं. फॉरेस्टर यांनी वही-पेन्सिल घेऊन मागणी, साठा आणि भरती यांची आठवड्यागणिक आकडेमोड केली. मागणी स्थिर धरली तरी कामगारसंख्या हेलकावे खातच राहिली. दोष कंपनीच्याच निर्णयपद्धतीत होता. कामगारभरतीच्या या प्रश्नातून सिस्टिम डायनॅमिक्स ही विद्याशाखा उभी राहिली. मनुष्यबळाच्या विद्यार्थ्याची तिच्याशी गाठही पडू नये, हे मनाला लागतं.

ती गाठ घालून द्यायची तर एखादा ऐच्छिक पेपर जोडून भागणार नाही. चाकणचा किंवा बुटीबोरीचा एकच कारखाना अभ्यासक्रमाची दोन्ही वर्षं सगळ्या पेपरांना द्यावा. हजेरीपट, ओव्हरटाइमचं रजिस्टर आणि अपघातांची नोंद शेजारी-शेजारी ठेवून मुलांनी कार्यकारणाची साखळी स्वतः काढावी. प्राध्यापकांनी प्रश्नपत्रिका एकत्र बसून काढावी. अडचण खरी इथेच आहे, कारण तासिका आणि कार्यभार पेपरांनुसारच वाटले जातात. विद्यापीठांनी तो नियम आधी बदलावा.

आणि तोंडी परीक्षेला कामगार प्रतिनिधी हवाच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारच्या सुट्टीची मागणी मांडली. ती मिळाली १८९० मध्ये. थकव्याची बातमी वर पोहोचून निर्णय व्हायला सहा वर्षं का लागली, हा प्रश्न त्या प्रतिनिधीने विद्यार्थ्याला विचारावा आणि आजच्या कारखान्यात ती बातमी कुठे अडते, हे आकृती काढून दाखवायला सांगावं.