रिकाम्या टाकीचा दंडक

उन्हाळा सुरू झाला, की गोमंतकातील आणि शेजारच्या किनारपट्टीवरील तरुणांना अलीकडे हिमालयाचे वेध लागतात. लडाख-स्पितीच्या खडकाळ वाटा तुडविता याव्यात म्हणून खास बांधणीच्या मोटारसायकली घेतल्या जातात आणि दोन हजार किलोमीटरांची दौड वाचविण्यासाठी त्या मडगावहून वा वास्कोहून आगगाडीच्या लगेज डब्यातून पुढे धाडल्या जातात. बदलीवर निघालेला नोकरदार आणि परगावी शिकावयास जाणारा विद्यार्थीही हाच मार्ग धरतो. यात गैर काहीच नाही. परंतु पार्सल कचेरीत गाडी दाखल करण्यापूर्वी तिच्या टाकीतील पेट्रोल काढून टाकले पाहिजे, हा जो साधा दंडक आहे, त्याचे पालन ज्या बेफिकिरीने होते, तिच्याकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा दंडक म्हणजे कारकुनी जाच आहे, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पेट्रोल पेटते ते द्रवरूपाने नव्हे, तर वाफेच्या रूपाने. आणि ही वाफ उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले, की ते मिश्रण ज्वालाग्राही बनते. ही वाफ हवेहून कितीतरी जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. आता लगेज डब्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बंद डबा, गोणपाटात व पेंढ्यात गुंडाळलेल्या गाड्या, शेजारी कापडाचे गठ्ठे आणि कागदी खोकी, आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी एकमेकांवर घासणारे लोखंड. अशा ठिकाणी सैल झाकणातून पाझरलेले पेट्रोल काय करू शकेल, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

ही केवळ कल्पनेतली भीती नव्हे. १७ जानेवारी २०२१ रोजी मंगळूरहून तिरुवनंतपुरमकडे जाणाऱ्या मलबार एक्स्प्रेसच्या लगेज डब्याला केरळात वर्कलाजवळ आग लागली. त्या डब्यात मोटारसायकली होत्या. धूर दिसताच साखळी ओढून गाडी थांबविण्यात आली आणि सुदैवाने प्राणहानी टळली. ती गाडी उघड्यावर होती, हेही सुदैवच म्हणावयाचे. आपल्या कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडे येथील बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. तशा बोगद्याच्या मध्यावर हाच प्रकार घडला, तर धुराने कोंडलेल्या त्या अंधारात शेकडो प्रवाशांनी कोठे जावे?

समुद्रमार्गे वाहने नेणाऱ्यांनी हा धडा पुरेशी किंमत मोजून घेतला आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेतील जॅक्सनव्हिल बंदरात जुन्या मोटारी भरलेले 'होएग झियामेन' हे जहाज पेटले आणि आग विझविणारे नऊ जवान जखमी झाले. बॅटरीच्या तारा नीट न सोडविल्याने एका मोटारीत उद्भवलेला विद्युत बिघाड त्या आगीच्या मुळाशी असावा, असा निष्कर्ष तेथील चौकशीतून निघाला. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ 'फ्रीमँटल हायवे' हे मोटारवाहू जहाज पेटले, त्यात एका भारतीय खलाशाचा प्राण गेला. ज्या गोमंतकातील कितीतरी कुटुंबांची चूल दर्यावर्दी पुरुषांच्या मिळकतीवर पेटते, त्या भूमीने तरी अशी बातमी परकी समजू नये. धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता या बाबतीत मोठी समंजस आहे. वाहनांसाठीच बांधलेल्या जहाजाच्या तळांवर गळती नसलेली वाहने ती इंधनासह नेऊ देते. इतरत्र गळती नसलेल्या डिझेलच्या वाहनांना ती मर्यादित इंधनासह सवलत देते, कारण डिझेल पेटण्यास बरीच उष्णता लागते. मात्र तेथे पेट्रोलच्या वाहनाची टाकी रिकामी असली तरच ती सवलत मिळते. आणि रिकामी म्हणजे काय? टाकी उपसलेली असावी आणि इंधनाअभावी वाहन चालू शकू नये, एवढेच. नळ्या किंवा गाळणी धुऊन काढण्याची सक्ती तिने केलेली नाही. म्हणजे हा दंडक पाळणे कोणाच्याही शक्तीबाहेरचे नाही.

मग तो मोडला का जातो? रेल्वे अधिनियम, १९८९ च्या १६४ व्या कलमाने धोकादायक माल बेकायदा आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आणि नुकसानीची जबाबदारीही त्याच्यावर टाकली. आज मोठ्या मोटारसायकलीच्या टाकीभर पेट्रोललाच हजारावर रुपये पडतात. परंतु शिक्षेहून महत्त्वाची गोष्ट सोयीची आहे. पेट्रोल काढा, असे सांगितले जाते. ते कोठे काढावे, कशात काढावे आणि पुढे त्याचे काय करावे, हे कोणी सांगत नाही. मग ते शीतपेयाच्या बाटल्यांत भरले जाते, गटारात ओतले जाते किंवा जो हमाल नळी लावतो त्याच्या पदरात पडते. आपल्या पैशांचे पेट्रोल असे फुकट जाणार, हे ठाऊक असलेला मालक दोन-तीन लिटर टाकीतच दडवितो आणि वर 'उतरल्यावर पंपापर्यंत तरी जाता आले पाहिजे' असे समर्थन करतो. हमालालाही आम्ही सर्वस्वी दोष देणार नाही. तुटपुंज्या मजुरीवर तो ते पेट्रोल हुंगत तोंडाने नळी ओढतो आणि काही विपरीत घडल्यास पहिला होरपळणारा तोच असतो. एखादी दुर्घटना झाली, की खालच्या कर्मचाऱ्यावर कारवाई करून प्रकरण मिटविणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशातला प्रकार होय.

यावर उपाय अवघड नाहीत. पार्सल कचेरीपासून दूर, उघड्या हवेत, पेट्रोल उपसण्याची जागा मोठ्या स्थानकांवर मुक्रर करावी. तेथे हातपंप, धातूची झाकणबंद भांडी, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडे असावे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ ने घरगुती वापराचे थोडे पेट्रोल विनापरवाना ठेवण्यास काच, चिनीमाती वा धातूचीच भांडी मान्य केली आहेत, हे लक्षात घेता प्लॅस्टिकच्या बाटल्यांना तेथे मज्जाव असावा. काढलेले पेट्रोल मोजून, त्याची पावती देऊन मालकास वाजवी मूल्य परत करावे. लपविण्याचे कारणच नाहीसे झाले, तर लपविणारेही कमी होतील. टाकी तपासल्याची नोंद जबाबदार कर्मचाऱ्याच्या सहीने पावतीवर व्हावी आणि बॅटरीची तार सोडविल्याचीही त्यात नोंद असावी.

वाहनमालकांचेही काही कर्तव्य आहेच. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात टाकी भरू नये; गाडी स्थानकावर पोचेल इतकेच इंधन ठेवावे, म्हणजे उपसण्यास फारसे उरतच नाही. टाकी रिकामी झाली तरी तिच्यात वाफ असतेच, म्हणून झाकण घट्ट बसवावे आणि जवळपास विडी-काडी येऊ देऊ नये. उतरल्यावर पंपापर्यंत गाडी ढकलीत नेण्याचे कष्ट पडतील, हे खरे. परंतु ज्या तरुणाला अठरा हजार फुटांच्या खिंडी पार करण्याची हौस आहे, त्याला अर्धा मैल गाडी ढकलणे जड जाऊ नये. त्याच गाडीच्या पुढल्या डब्यात कोणाची तरी आई आणि लेकरे झोपलेली असतात, एवढे त्याने ध्यानी ठेवावे. आणि कोकण रेल्वेच्या चालकांनीही येत्या हंगामापूर्वी या प्रश्नाची दखल घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.