बिघाड नेमका कुठे, ते कळू द्या

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली



भांडी घासून आईच्या बोटांना चिरा पडायच्या, म्हणून पाच वर्षांपूर्वी आम्ही डिशवॉशर घेतला. गेल्या महिन्यात ताटं मांडणीत लावताना तीच म्हणाली, "आज भांडी गार का लागतायत गं?" ताटांना तेलाचा ओशट थर होता, दारातल्या कप्प्यात पावडरचा ओला गोळा तसाच चिकटलेला. ७० अंशांवर मशीन लावून अर्ध्या तासाने दार उघडलं. तळाशी हात घातला, तर पाणी नळाच्या पाण्याइतकंच थंड.

पुस्तिकेत लिहिलेलं सगळं केलं. पाणी नीट फिरलं नाही तरी हीटर चालू होत नाही, म्हणून जाळी घासून धुतली, फवाऱ्याच्या पात्यांची भोकं टाचणीने मोकळी केली. आमच्याकडे टँकरचं पाणी, क्षार भरपूर, मीठही भरलं. मशीनवर दिसणारा एरर कोड मात्र हलेना. त्याच्यापुढे पुस्तिकेत एकच वाक्य: सेवा केंद्राशी संपर्क साधा.

केंद्राचा माणूस आला. मशीन न उघडताच म्हणाला, हीटर आणि पंप एकत्र येतात, अख्खा संच बदलावा लागेल. आकडा ऐकून बाबा म्हणाले, त्यात थोडी भर घालून नवीनच घेऊ.

शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांना बोलावलं. त्यांनी प्लग काढला, नळ बंद केला आणि हीटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. २६ ओहम. "दोन हजार वॅटचा हीटर एवढंच दाखवणार. हा ठणठणीत आहे." तापमानाचा सेन्सर मुठीत धरला, तसा मीटरवरचा आकडा सावकाश उतरला, म्हणजे तोही बरा. मग कंट्रोल बोर्ड भिंगाखाली आला. हीटरला वीज सोडणाऱ्या रिलेच्या एका पायाभोवती काळं कडं पडलं होतं, डाग सुटला होता. काकांनी रिले बदलून नवा डाग दिला. त्या रात्री दार उघडताच वाफेने माझा चष्मा धुरकटला.

हे काम विजेचं आहे, जाणकारानेच करावं. पण सांगितलेला संच आम्ही बसवला असता, तरी पाणी थंडच राहिलं असतं. हजारो रुपये गेले असते आणि चांगला पंप भंगारात.

आपल्या विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. मात्र नुसतं पोर्टल पुरत नाही, सक्ती हवी. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून डिशवॉशरचे हीटर, पंप, सेन्सर आणि सर्किट बोर्ड किमान ७ वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत, असा नियम आहे. दाराचं रबर, पाती, जाळ्या या वस्तू तर ग्राहकालाही १० वर्षं मिळतात, तेही मागणी केल्यापासून १५ कामाच्या दिवसांत.

असा नियम आपल्याकडे करा. एरर कोडचा अर्थ पुस्तिकेत छापायला लावा, सर्किटचा नकाशा आणि सुट्या भागांच्या किमती खुल्या करायला लावा. काकांसारख्या कारागिरांना नकाशाविना अंदाजाने काम करावं लागू नये, एवढी विनंती आहे.

आपली,
पुण्याची एक ग्राहक