छायाचित्रातील औचित्य

आमच्या मातोश्रींचे एकच छायाचित्र आमच्या संग्रही आहे. १९८४ साली धाकट्या भगिनीच्या विवाहप्रसंगी घरची तेवीस माणसे अंगणात उभी करून ते काढिले. त्यात अर्धे मांडवाचे छत, पाव भाग जमीन, आणि मातोश्रींचे मुख तिळाएवढे! शिवाय मांडवाचा खांब नेमका त्यांच्या मस्तकातून उगवलेला. त्यांच्या पश्चात ते मुख मोठे करवून घेतले, तो केवळ धुके हाती आले.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हे काव्याचे जीवित मानिले. छायाचित्रासही तोच न्याय लागू आहे. प्रथम चार पावले पुढे जावे. अनावश्यक ते चौकटीबाहेर राहते. पाठीमागे खांब वा वाळत घातलेली वस्त्रे नाहीत ना, हे पाहावे. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन समभाग कल्पून डोळे वरच्या रेषेवर आणावे. हा तृतीयांशाचा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसाठी सांगितला. आज मोबाईलवर या रेषा दाखविण्याचीही सोय असते. दृष्टी ज्या दिशेस, तिकडे थोडी मोकळी जागा सोडावी.

परवा आमच्या नातीने थोरल्या वहिनींस माजघराच्या खिडकीशी बसविले, स्वतःही जमिनीवर बसली, आणि त्या तांदूळ निवडीत असता चित्र टिपले. सुरकुतीन् सुरकुती बोलकी! आम्हांस आनंद झाला, आणि मातोश्रींच्या आठवणीने डोळेही पाणावले.

वाचकहो, आपल्या घरच्या वृद्धांचे असे एक चित्र याच महिन्यात काढून ठेवावे. पुढील मुहूर्ताची वाट पाहू नये.