तीन पदांचे नाव, दोन रकान्यांचे पारपत्र

मराठी माणसाचे नाव तीन पदांचे असते : स्वतःचे, वडिलांचे (विवाहितेच्या बाबतीत बहुधा पतीचे) आणि कुळाचे. गुजराती समाजातही हीच रीत असल्याने सुरंगीत वा सिल्वासात ती कोणास समजावून सांगावी लागत नाही. भारतीय पारपत्रास मात्र ती उमजलेली नाही. तेथे नावाचे रकाने दोनच : ‘उपनाम’ आणि ‘दिया गया नाम’. मधले नाव एक तर स्वतःच्या नावास चिकटवायचे, नाही तर गाळायचे.

बाळ गंगाधर टिळक हे नाव या साच्यात घालून पाहावे. ‘बाळ गंगाधर’ हे दिलेले नाव ठरते आणि परदेशातील कारकून पित्याचे नावही पुत्राचेच समजतो. स्त्रियांवर तर अधिकच अन्याय होतो. विवाहानंतर मधले नाव बदलले, की बारशाला मिळालेले नावच बदलल्यासारखे कागदोपत्री दिसते.

काही सुज्ञ सुचवितात, मधले नाव सोडून द्यावे. पण शाळेचा दाखला आणि जमिनीचे कागद यांवर ते असतेच. मग एकाच माणसाच्या दोन व्यक्ती होतात आणि आपण तेच आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो.

आंतरराष्ट्रीय नियमांची सबबही टिकत नाही. यंत्राने वाचावयाच्या ओळीत नावाचे दोन भाग असतात, हे खरे. परंतु पाकिस्तानच्या पारपत्रावर पित्याचे नाव मुख्य पानावरच वेगळे छापलेले असते आणि ते पारपत्र जगभर चालते. आपल्याच प्राप्तिकर खात्याने पॅनच्या अर्जात आडनाव, पहिले नाव व मधले नाव असे तीन रकाने वर्षानुवर्षे दिले. एका खात्यास जे साधले, ते दुसऱ्यास का साधू नये?

आमच्या वाडवडिलांनी १९५४ पर्यंत येथे पोर्तुगीज अंमल पाहिला. पोर्तुगीज नावात सामान्यतः आधी आईचे व मग वडिलांचे कुलनाव येते. दोन्ही कुलनावेच असल्याने त्यांना दोन रकाने पुरतात. आपल्या नावाची घडण निराळी आहे. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आईचे नावही आले आहे. तेथील आपल्या नातवंडांची चार पदे या दोन रकान्यांत कशी मावणार?

आमची मागणी साधी आहे : पारपत्राच्या अर्जात आणि मुख्य पानावर मधल्या नावास स्वतंत्र जागा द्यावी. तोवर प्रत्येक घराने सर्वांची नावे एकाच पद्धतीने व एकाच रोमन वर्णलेखनाने लिहावीत. नाव अर्जासाठी नसते. अर्ज नावासाठी असतो.