सोयाबीन पिकवणाऱ्या वाशिमच्या ताटात डाळ का नाही?

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा. जिल्ह्यातले हे सहाही तालुके खरिपात सोयाबीनने हिरवे होतात आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर पिवळे पडतात. पाने गळाली, शेंगा तपकिरी झाल्या की सोंगणी लांबवून चालत नाही, कारण उन्हाने शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून मजूर पहाटेच, दव असताना, शेतात उतरतात. वाळलेल्या शेंगांची टोके हातात रुततात. एकराच्या गुत्त्याने काम करणाऱ्या या टोळ्यांत बौद्ध, मातंग, आदिवासी, भटक्या समाजाच्या बाया किती आहेत, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आमचा प्रश्न सरळ आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत २२ च्या आसपास, मुगात २४. मग एवढी प्रथिने कापणाऱ्या बाईच्या घरी डाळ पातळ का?

कारण हे पीक आमच्या ताटासाठी पेरलेच जात नाही. दाण्यात तेल साधारण १८ ते २० टक्के. ते कारखान्यात निघते आणि उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीला जाते. २०२१ मध्ये भाव वर चढले, तेव्हा कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. कोंबडीच्या खाद्याची काळजी सरकारला आहे. मजुराच्या लेकराच्या खाद्याचे काय?

काही जण म्हणतात, "मग सोयाबीनच खा." खावे, पण नीट समजून. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. दाणे रात्रभर भिजवून, चांगले शिजवूनच खावे लागतात. नऊ भाग गव्हात एक भाग सोयाबीन दळून पोळ्या करता येतात. तरीही मूग-तुरीसारखे रोजचे वरण त्याचे होत नाही. आणि गुत्त्याची मजुरी रोख मिळते, दाण्यात नाही.

सोयाबीनच्या आधी इथल्या शेतात ज्वारी असे आणि तिच्या सोबतीला मूग, उडीद, तूर, बरबटी. या जोडीत शहाणपण होते. ज्वारीत लायसिन कमी असते, डाळीत भरपूर. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. शेंगा तोडणाऱ्या बाईच्या ओटीत चार मुठी घरी येत. तो काळ सुखाचा होता असे आम्ही म्हणत नाही. बलुत्याची भाकर अपमानाची होती आणि ती नाकारली हे योग्यच झाले. पण अपमान सोडताना डाळही सुटावी, असा करार कुणी केला नव्हता.

सोयाबीनने हातात रोकडा आणला हे खरे. पण तो ज्याच्या नावे सातबारा, त्याच्या हातात. लहान शेतकरीही सुखी नाही: २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याखालीच राहिले. भूमिहीनाला तर हमीभावाच्या चर्चेतही जागा नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती राज्याच्या मालकीची करा, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, असे मांडले. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहात जमिनीबरोबर धान्याचे वाटप आणि किमान वेतन याही मागण्या होत्या. त्या आजही तशाच उभ्या आहेत.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. सणाला शिधा वाटून हा हक्क भरून निघत नाही. वाशिम २०१८ पासून 'आकांक्षित जिल्हा' आहे आणि त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषणाला मोठे वजन आहे. मग सुरुवात इथूनच करा. रेशनवर दरमहा डाळ द्या, हमीभावाने खरेदी केलेली तूर इथल्याच अंगणवाडीत शिजवा, गुत्त्यात किमान वेतन मिळते का ते तपासा आणि गायरान कसणाऱ्यांचे पट्टे नावावर करा, म्हणजे बांधावर बरबटी लावायला बांध तरी आपला असेल.

ग्रामसभेत हे चारही ठराव लिहून मांडा. भीक म्हणून मागू नका, हक्क म्हणून मागा.

जय भीम!